घात येऊ दे

माझा धंदा लोकांच्या चालढकलीवर चालतो. मी कर सल्लागार आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत दहा बाय बाराचं ऑफिस आहे, आणि वर्षभराची खरी कमाई रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठ दिवसांत होते. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो आणि बहुतेकांच्या मेलमध्ये तो तेव्हाच येऊन पडतो. साध्या पगारदाराचं पुढचं काम अर्ध्या तासाचं. पण जून जातो, जुलैचे तीन आठवडे जातात, आणि मग एका रात्रीत अख्ख्या शहराला आठवतं की आपल्याला उत्पन्न आहे.

२०२५ मध्ये तर मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली. दीड महिना जास्तीचा मिळाला. गर्दी कमी झाली का? अजिबात नाही. जे ३० जुलैला येणार होते ते १४ सप्टेंबरला आले. अगदी शेवटी मुदत आणखी एका दिवसाने वाढली, तेव्हा एका गृहस्थांचा फोन आला, "म्हणजे आता उद्या निवांत आलं तरी चालेल ना?"

त्या गर्दीत एक मुलगा होता. हिंजवडीत नोकरी, वय तिशीच्या आत. कागद सगळे व्यवस्थित, जूनपासून तयार. मी विचारलं, "अरे, मग इतके दिवस काय केलंस?" तो शांतपणे म्हणाला, "काका, मी ठरवून मागे ठेवलं होतं. ती फाइल बघितली की टेन्शन यायचं. मग म्हटलं, नाही करायचं आत्ता. माइंडफुल प्रोक्रॅस्टिनेशन म्हणतात त्याला. मनाला आराम मिळतो." मी हसलो. तो हसला नाही. रिटर्न भरून झालं, पैसे दिले, गेला. मी मात्र दार लावून बराच वेळ बसून राहिलो, कारण त्याला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. 'कल करे सो आज कर' हे शाळेच्या फळ्यावर ठीक आहे. पण माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खालच्या खणात अशी तीन कामं पडून होती, ज्यांच्याकडे मीही 'मनाच्या आरामासाठी' बघत नव्हतो.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. काम मागे टाकणं हा ताणावरचा उपाय होऊ शकतो का? माझं मत सांगून टाकतो: होऊ शकतो. पण त्या मुलाला जो वाटत होता तो हा उपाय नव्हे. आणि आपल्याकडे ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना तो करायची मुभाच नाही.

आधी शब्दांचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्रजीतल्या त्या एका लांबलचक शब्दासाठी मराठीत डझनभर शब्द आहेत आणि त्यातले दोन एकसारखे नाहीत. टंगळमंगळ करणारा इकडेतिकडे करत असतो, पण त्याच्या मनात खोट नसते. पोरं अभ्यासाच्या वेळी करतात ती टंगळमंगळ. टाळाटाळ मात्र हेतुपुरस्सर असते, उसने पैसे परत मागितल्यावर जी होते ती. वेळकाढूपणा समोरच्याला दमवण्यासाठी असतो. दिरंगाई हा मूळचा फारसी शब्द आपण जवळजवळ सगळाच कचेऱ्यांना देऊन टाकलाय. घरात कोणी भाजी निवडायला दिरंगाई करत नाही. दुसऱ्या टोकाला सबुरी आहे, 'दमानं घे' आहे, 'निवांत' आहे. हेही काम पुढे ढकलणंच, पण त्यात कोणी दोष काढत नाही. आणि या सगळ्यांच्या मधोमध आपला तो थोर शब्द बसलाय: 'बघू'. 'बघू'चा अर्थ हो, नाही, विसरा, पुन्हा विचारा, यापैकी काहीही असू शकतो. महाराष्ट्रातली निम्मी कामं 'बघू'च्या पोटात आहेत. त्या मुलाने टाळाटाळीला सबुरीचे कपडे घातले होते, इतकंच.

पण तो सांगत होता त्यात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. काम मागे टाकल्यावर बरं वाटतं, हे खरंच आहे आणि मोजून पाहिलेलं आहे. डायेन टाइस आणि रॉय बाउमायस्टर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला निबंध लिहायला दिला होता आणि त्याची शेवटची तारीखही सांगून ठेवली होती. सत्राच्या पहिल्या टप्प्यात चालढकल करणारी मुलं बाकीच्यांपेक्षा कमी ताणात होती, त्यांच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही कमी होत्या. म्हणजे आराम खराच होता. सत्र संपत आलं तसं पारडं फिरलं. त्यांचा ताण बाकीच्यांच्या वर गेला, तक्रारी वाढल्या, निबंधाला गुणही कमी पडले. आणि सगळं सत्र एकत्र धरलं तर आजारपण त्यांच्याच वाट्याला जास्त आलं. मला हा हिशेब ओळखीचा वाटतो. आरंभी हप्ता नाही, शेवटी व्याजासकट एकरकमी. आयकर खात्याचंही तसंच: मुदत चुकली आणि उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर विलंब शुल्क ५,००० रुपये, कर बाकी असेल तर वर महिन्याला एक टक्का व्याज.

पुढे टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरोइस यांनी २०१३ मध्ये मुद्दा आणखी नेमका केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसतोच, तो मनःस्थितीचा असतो. काम आपल्याला नको असतं असं नाही. त्या कामाला चिकटलेली भावना नको असते. भीती, कंटाळा, लाज, कधी दुःख. ती भावना आत्ता दूर व्हावी म्हणून आपण काम दूर करतो. म्हणूनच नव्या डायऱ्या, रंगीत चिठ्ठ्या आणि वेळ वाचवणारी ॲप आणून फारसा फरक पडत नाही.

हे मला पुस्तकातून पटलं नसतं. पटलं ते आमच्या सातबाऱ्यावरून.

माझं गाव लातूर जिल्ह्यात. वडील गेले तेव्हा आमच्या नावावर, म्हणजे त्यांच्या नावावर, साडेपाच एकर रान होतं. कायद्याप्रमाणे वारसाहक्काने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं; गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात.) अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, नोटिशीची मुदत जाऊ द्यायची, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मी दुसऱ्यांचे आकड्यांचे गुंते सोडवून पोट भरतो. मला हे काम अवघड होतं असं कोण म्हणेल? आम्हाला सहा वर्षं लागली.

पहिलं वर्ष आईमुळे गेलं. तिच्यासमोर विषय काढला की ती म्हणायची, "त्यांचं नाव एवढ्यातच खोडताव का रं?" फेरफार म्हणजे वारसांची नावं लावणं, हे तिला समजावून काही उपयोग नव्हता. ती बोलत होती ते दप्तराबद्दल नव्हतंच. मी गप्प बसलो, आणि आजही मला वाटतं, ते वर्षभराचं थांबणं बरोबर होतं. त्या थांबण्याने आईला खरंच आराम दिला. पण पुढची पाच वर्षं? आई तोवर सावरली होती. थांबलो होतो तो मी आणि माझा भाऊ. नावं लावायची म्हणजे दोन बहिणींचीही लावायची, आणि मग कोण हक्कसोड करणार, कोण नाही, तो विषय निघणार. तो विषय आम्हाला नको होता. दर दिवाळीला गावी जायचं, फराळ खायचा, 'सातबाऱ्याचं बघायला पाहिजे' असं एकाने म्हणायचं, 'बघू की' असं दुसऱ्याने म्हणायचं आणि एसटीला बसायचं. मनाला शांत वाटायचं, नाही असं नाही. मग भावाला पीककर्ज हवं होतं तेव्हा बँकेने विचारलं की जमीन कोणाच्या नावावर आहे. त्या हंगामात त्याने बाहेरून महिन्याला शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले. माझ्या मनःशांतीचं व्याज भावाने भरलं.

हे आमच्या एकट्याच्या घरचं नाही. मेलेल्या माणसांच्या नावावरच्या जमिनी राज्यभर इतक्या साठल्या की २०२५ मध्ये शासनाला मोहीमच काढावी लागली. आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग सगळ्या महाराष्ट्रात. नाव ठेवलं 'जिवंत सातबारा'. लोक त्याकडे शासकीय दिरंगाईचा विषय म्हणून बघतात, आणि कचेरीचे हेलपाटे हा त्यातला मोठा भाग आहेच. पण माझी खात्री आहे की त्या प्रत्येक सातबाऱ्यामागे एकेक आई आहे, आणि दिवाळीला भेटून विषय न काढणारे भाऊ आहेत.

आता दुसरी बाजू, तीही त्याच रानातली.

पुण्यात घात म्हणजे दगा. आमच्याकडे घात म्हणजे पेरणीजोगी ओल. पाऊस पडला की लगेच तिफण धरायची नसते. काळ्या रानात भरपूर पाऊस झाला की मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा उरत नाही. तेव्हा रानात शिरलं तर पाय रुततात, ट्रॅक्टर शिरला तर जमीन दबते, बी टाकलं तर कुजतं. पाणी खाली निचरून कणांमध्ये हवा खेळायला लागली की जमीन वाफशावर येते. पारख सोपी आहे: मूठभर माती दाबायची, तिचा लाडू झाला पाहिजे, तो लाडू वरून सोडला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून थांबायचं. लाडू झालाच नाही तर ओल कमी, तरीही थांबायचं. कृषी विभागही दर जूनमध्ये हेच सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात आला तेव्हाही हेच सांगावं लागलं. पहिल्या पावसावर हुरळून पेरायचं आणि मग उघडीप पडून दुबार पेरणी करायची, यात सोयाबीनच्या किती बॅगा मातीत गेल्या असतील त्याला गणती नाही.

मला लहानपणचा एक जून आठवतो. शेजारच्या रानात तिफण सुरू झाली होती आणि आमचे वडील बांधावर बसून तंबाखू मळत होते. मी शाळकरी, मला लाज वाटत होती की सगळे पेरतायत आणि आपण बसलोय. मी म्हटलं, "अण्णा, आपुन कवा पेरायचं?" ते म्हणाले, "रान वल्लं हाय अजून. घात येऊ दे की." बाहेरून बघणाऱ्याला तो माणूस आळशी दिसला असता. पण ते दिवसातून दोनदा रानात जाऊन माती दाबून बघत होते. बियाणं घरात मोजून ठेवलेलं होतं, उगवण तपासलेली होती, तिफणीचा फण बडवून आणलेला होता. आणि एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती: सोयाबीन पंधरा जुलैच्या आत पडलं पाहिजे, त्यापुढे पिकाचा उतारा घसरतो. थांबण्याला एक टोक होतं.

त्या मुलाच्या तीन महिन्यांत आणि अण्णांच्या आठ दिवसांत मला फरक दिसतो तो एवढाच. अण्णा ज्या कामासाठी थांबले होते त्याच्याकडे रोज बघत होते. तो मुलगा ज्या कामासाठी थांबला होता त्याच्याकडे बघायचं टाळत होता. 'माइंडफुल' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो दिवसातून दोनदा माती दाबून बघण्यात आहे. फाइल दिसू नये म्हणून ती कपाटात ठेवण्याला सजगता म्हणायचं असेल तर मग माझा खालचा खण हे विपश्यना केंद्रच म्हणायला हवं.

इथवर सगळं माणसाच्या स्वभावाचं झालं. पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. सवड काढून थांबायला सांगणारे सल्ले कोणाला उद्देशून असतात? ज्याच्या कामाची वेळ त्याच्या हातात आहे त्याला. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आढळलं; घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. त्या २८९ मिनिटांतलं काय पुढे ढकलता येतं? नळाला पाणी साडेपाचला येतं आणि सव्वासहाला जातं. पोराचा डबा साडेसातला तयार पाहिजे. सासूबाईंची गोळी जेवणाआधी. आमच्या इमारतीत काम करणारी बाई म्हणाली होती, "दादा, मला तर आजारी पडायचं असलं तरी रविवार बघावा लागतो." ती स्वतःचं एकच काम पुढे ढकलते: डोळे दाखवायचं. दोन वर्षं झाली. बायका चालढकल करतात ती स्वतःच्या तब्येतीची, कारण तेवढीच त्यांच्या ताब्यात असते.

नोकरीत तर चालढकल वरून खाली वाहते. साहेबांच्या टेबलावर कागद दहा दिवस निवांत पडतो आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी 'अर्जंट' असा शिक्का घेऊन खाली येतो. वरच्याची सबुरी ही खालच्याची रात्रपाळी असते. आपल्याकडे यावर कायदा आहे, लोक विसरलेत. २००५ चा अधिनियम, लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत. त्यासाठी अण्णा हजारे यांना आंदोलनं करावी लागली होती. कायदा चांगला आहे. ज्यांनी कोणी गेल्या वर्षी तहसील कचेरीचं तोंड पाहिलंय त्यांना तो कितपत पाळला जातो हे मी सांगायला नको. मला त्यातली कल्पना आवडते. ज्याच्या थांबण्याची किंमत दुसरा मोजतो, त्याच्या थांबण्याला दिवसांची मर्यादा हवी. खाजगी कंपनीतल्या साहेबांना अशी काही मर्यादा आहे का?

उलट तिथे वारं भलतीकडेच वाहतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारचं बोलणं गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा देणाऱ्या बदलाला मंजुरी दिली. दुसरीकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खाजगी विधेयक आणलं, की कामाच्या वेळेनंतर साहेबांचा फोन न घेण्याचा हक्क नोकराला असावा. फ्रान्समध्ये याबाबतची कायदेशीर तरतूद २०१७ पासून आहे. आपल्याकडे अजून नाही.

आता त्या मुलाकडे पुन्हा बघा. सकाळी आठला घर सोडतो, रात्री नऊला परत येतो, साडेदहाला अमेरिकेचा कॉल. त्याच्या दिवसात त्याच्या हुकमाखाली काय आहे? एकच गोष्ट: स्वतःची वैयक्तिक कामं न करणं. रिटर्न, गाडीचा विमा, दातांच्या डॉक्टरांची वेळ, गावाकडे फोन. ऑफिसच्या कामाला तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून तो स्वतःच्या कामाला नाही म्हणतो आणि त्याला आराम समजतो. चीनमधल्या तरुणांमध्ये तर रात्री झोप येत असताना मुद्दाम जागं राहून मोबाइल बघत बसण्याला 'सूडाचं जागरण' असं नाव पडलंय. दिवस माझा नव्हता, निदान रात्र तरी माझी. सूड नेमका कोणावर, हे सकाळी आरशात दिसतं. मी त्या मुलावर हसलो ते चुकलंच माझं. त्याचा रोग खरा होता, फक्त औषधाच्या बाटलीवरचं लेबल चुकीचं होतं. त्याला चालढकल नको होती, सुट्टी हवी होती. ती मागायची सोय नसल्यामुळे तो ती स्वतःच्याच खिशातून चोरत होता.

म्हणून माझा आग्रह दुहेरी आहे. ज्यांच्या हातात दुसऱ्यांचा वेळ आहे त्यांची मुदत घट्ट करा आणि ज्यांच्या हातात स्वतःचाही वेळ नाही त्यांना थांबायची उघड परवानगी द्या. अशी परवानगी आपल्या जुन्या व्यवहारात होती, हे थोडं गमतीने सांगतो. पितृपक्षात घर घ्यायचं नाही, अमावास्येला बोलणी करायची नाहीत, चातुर्मासात लग्नं नाहीत. मी मुहूर्त मानणाऱ्यांतला नाही. पण सोय बघा कशी आहे: काम पुढे गेलं, कोणाला अपराधी वाटलं नाही, आणि नवी तारीख पंचांगात आधीच छापलेली. 'बघू' नव्हे, 'सर्वपित्रीनंतर'. पुढच्या शहाण्यांनी पितृपक्ष मोडीत काढला आणि त्या जागी 'बघू' आणून बसवलं.

तारखेचं हे महत्त्व नुसतं पंचांगवाल्यांनाच कळलं होतं असं नाही. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं, हे मानसशास्त्रात शंभर वर्षांपासून माहीत आहे. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्या परिणामाला त्यांचंच नाव आहे. पण २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर यांनी त्याला एक दिलासा देणारी पुरवणी जोडली. टोचणी जायला काम पूर्ण व्हावं लागत नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी डोकं मोकळं होतं. हे मी माझ्या ऑफिसात रोज बघतो. ज्या बाईंनी 'अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी, सकाळी साडेअकराला येते, पासबुक घेऊन' असं सांगितलेलं असतं, त्या तोपर्यंत मजेत असतात. 'येतो एक दिवस' म्हणणारा रोज थोडा थोडा झिजत असतो. दोघांनीही काम पुढेच ढकललेलं असतं!

त्या मधल्या काळात काय करायचं, यावर स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी १९९६ मध्ये एक मिश्कील निबंध लिहिला होता. त्यासाठी त्यांना २०११ मध्ये साहित्याचं इग नोबेल (नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक) मिळालं. सांगणं इतकंच की टाळायचं तर टाळा, पण टाळताना दुसरं काहीतरी उपयोगाचं करा. मला हे फार पटतं. शेवटच्या तारखेच्या गर्दीत माझं ऑफिस वर्षातलं सगळ्यात स्वच्छ असतं. भाऊ तर सातबाऱ्याच्या त्या पाच वर्षांत विहिरीवर मोटार बसवून, बांधावर चाळीस आंबे लावून मोकळा झाला. मोबाइलवर बोट फिरवत केलेली चालढकल मात्र अगदीच वाया जाते. ना काम होतं, ना विसावा, वर मान दुखते.

आणि उशीर झालाच, तर स्वतःला फार झोडपू नये. हे मी मऊपणाने नाही, अनुभवाने म्हणतोय. कॅनडातल्या एका अभ्यासात, २०१० सालच्या, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मी मुदतीनंतर येणाऱ्याला लेक्चर देत नाही. लेक्चर दिलं की तो पुढच्या वर्षी आणखी उशिरा येतो, किंवा दुसऱ्याकडे जातो. धंद्याच्या दृष्टीने दोन्ही वाईट.

आमची वारसनोंद झाली. पाचही जणांची नावं लागली, आईचं आणि बहिणींची पण. ज्या भांडणाला आम्ही पाच वर्षं घाबरलो ते भांडण चहाबरोबर वीस मिनिटांत संपलं, धाकटी म्हणाली, "एवढंच होतं तर मला आधी का नाही विचारलंत?" आईने नव्या सातबाऱ्यावरून बोट फिरवलं, वाचता येत नाही तरी.

खालच्या खणातल्या तीन कामांपैकी दोन संपली. तिसरं माझं मृत्युपत्र. ते काही अवघड नाही, साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार लागतात. परवा बायकोने पुन्हा विचारलं. मी सवयीने "बघू" म्हणालो. ती म्हणाली, "बघू नाही. वार सांगा." मी पुष्कळ विचार करून भाऊबीजेनंतरचा दुसरा शनिवार सांगितला. तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनात लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं. पेन का नाही घेतलं, ते मी विचारलं नाही.